पुण्याहून लेह, दोघं आणि एक तंबू: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

गाडी काढून लडाखला जायचं आणि वाटेत तंबूत राहायचं, असं मनात घेतलेल्या जोडप्यांची तयारी बहुधा खरेदीपासून सुरू होते. तंबू कोणता, स्लीपिंग बॅग कोणती, टपावर कॅरियर लावायचा की नाही. या सगळ्याला वेळ आहे. आधी तीन गोष्टी ठरवा: डोंगर कोणत्या बाजूने चढायचा, हातात दिवस किती, आणि रोज किती वाजता गाडी थांबवायची. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे दुपारी चारला प्रवास संपतो. पुढचा वेळ तंबूचा, पाण्याचा, चहाचा आणि स्वयंपाकाचा. अंधारात, वाऱ्यात आणि उपाशीपोटी तंबू उभा करायची वेळ आली की शांत स्वभावाच्या माणसांचेही आवाज चढतात. खाली जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं या चारच्या ठोक्याला धरूनच आहे.

जाताना श्रीनगर, येताना मनाली

लेहला गाडीने पोहोचायचे नेहमीचे रस्ते दोन. एक जम्मू, श्रीनगर, कारगिलवरून आणि दुसरा मनालीवरून. पहिल्यांदा जाताय तर चढताना श्रीनगरचा रस्ता धरा आणि परतताना मनालीचा. उलट करू नका, कितीही जणांनी ‘काही होत नाही’ म्हणून सांगितलं तरी.

कारण उंचीचं आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, सोनमर्ग आणि कारगिल २,७०० च्या आसपास, आल्ची ३,१०० आणि लेह ३,५००. मधे झोजी ला आणि फोटू ला या खिंडी लागतात. फोटू ला ४,१०० मीटरवर आहे, पण खिंडीत आपण थोडा वेळ थांबतो आणि खाली उतरतो. शरीराला महत्त्वाची असते ती रात्री झोपायची उंची. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर ती दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी काढावा, असं डोंगरातल्या वैद्यकशास्त्राचं सांगणं आहे. श्रीनगरच्या रस्त्यावर हे आपोआप जमतं. मनालीकडून चढताना मात्र जिस्पाच्या ३,२०० मीटरवरून पुढचा मुक्काम सरळ सरचूच्या ४,३०० मीटरवर पडतो. त्या रात्री डोकं फुटायची पाळी येते आणि खाली उतरायचं म्हटलं तरी दोन्ही बाजूंना उंच खिंडी. लेहमध्ये आठवडाभर राहून त्याच सरचूला आलात, तर तिथे छान झोप लागू शकते.

महिना आणि दिवस

माझं मत सप्टेंबर. मे-जूनमध्ये राजस्थान-हरियाणात पारा सहज ४२-४५ अंशांवर असतो आणि डोंगरात खिंडी नुकत्याच उघडलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये लडाख कोरडं असलं तरी तिथवर पोहोचवणारे हिमाचलचे आणि जम्मूचे घाट पावसाने बेजार असतात. जुलै २०२३ च्या पुरात बियासने मनालीकडचा महामार्ग जागोजागी वाहून नेला होता. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, हवा स्वच्छ होते, काश्मीरमध्ये सफरचंदाच्या पेट्या भरायला लागलेल्या असतात, आणि आपल्याकडचे गौरी-गणपतीही ज्या वर्षी लवकर येतात त्या वर्षी उरकलेले असतात. गणपती उशिरा आले तर घरच्यांशी बोलणी करून घ्या, कारण महिनाअखेरीस सरचूचे तंबूवाले गाशा गुंडाळतात आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो.

जाऊन-येऊन अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर धरा, त्यात लेहच्या पलीकडची नुब्रा दरी आणि पँगाँग तलाव आलं. गाडी लिटरला १५ देत असेल तर ३६५ लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. चालू भावाने गुणलंत की खर्चाचा सर्वांत मोठा आकडा तुमच्या हातात आला. दिवस मात्र २४-२५ हवेत. दोन आठवड्यांचीच रजा मिळत असेल तर विमानाने लेह गाठून तिथे गाडी करा. तोही उत्तम प्रवास आहे, फक्त वेगळा.

मैदानात तंबू डिकीत

पुण्यातून निघाल्यापासून पठाणकोटपर्यंत तंबू उघडायचा नाही. सप्टेंबरात मैदानी भागात रात्रीही उकाडा आणि डास असतात, हायवेच्या कडेला ट्रक रात्रभर चालतात आणि मोकळी दिसणारी जमीन कुणाच्या तरी मालकीची असते. लॉजवर उतरा, आंघोळ करा, लवकर झोपा. खरा तंबूचा प्रवास आल्चीला सुरू होतो.

रस्ता सोपा आहे. पुणे, नाशिक, धुळे. आणि धुळ्याला राष्ट्रीय महामार्ग ५२ पकडला की तो पंजाबातल्या संगरूरपर्यंत सोडायचाच नाही. इंदूर, देवास, झालावाड, कोटा, बुंदी, जयपूर, सीकर, चुरू, हिसार हे सगळं याच एका रस्त्यावर येतं. संगरूरहून लुधियाना, जालंधर, पठाणकोट करून जम्मू. रोज ४०० किलोमीटर, फार तर ४५०. पहाटे पाचला निघालं की हे अंतर चारच्या आत निवांत होतं. पहिला दिवस मात्र लांबतो, कारण चाकण ते नारायणगाव रस्ता किती वेळ खाईल ते कुणीच सांगू शकत नाही. जमलं तर त्या रात्री महेश्वर गाठा. हायवेवरून धामनोदला थोडं आत आहे. अहिल्याबाईंच्या घाटावर, समोर नर्मदा, संध्याकाळचा तासभर बसलात की पहिल्या दिवसाचा शीण जातो. उशीर झाला तर महेश्वरचा हट्ट नको, शिरपूरला थांबा.

या टप्प्यात लक्ष ठेवायच्या जागा सांगते. सेंधव्याजवळचा बिजासन घाट आणि पुढे मानपूरजवळचा उतार, दोन्हीकडे माल भरलेले ट्रक ब्रेक तापून बेकाबू होतात. ट्रकच्या पुढे उतारावर रेंगाळू नका, दोन लांब ट्रकांच्या मधे अडकू नका आणि आपली गाडी ब्रेकवर न उतरवता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरवा. ही सवय इथेच लावून घ्या, वर हिमालयात तीच उपयोगी पडणार आहे. झालावाड आणि कोट्याच्या मधे दऱ्याचा अरुंद टप्पा आहे, मुकुंदऱ्याच्या डोंगरातला. तिथे तास-दीड तासाची कोंडी नेहमीची, त्यामुळे सकाळी लवकर पार करा. आणखी एक: या महामार्गावर राजगढ दोन आहेत, एक मध्य प्रदेशात आणि एक राजस्थानात चुरूच्या पुढे. फोनच्या नकाशात नाव टाकताना राज्य बघून टाका.

गाडीची तयारी

मोठी एसयूव्ही हवीच असं काही नाही. साधी हॅचबॅक श्रीनगर-लेह आरामात करते, मनालीच्या बाजूला मात्र नाल्यांतून जाताना खालून दगड लागायची भीती असते. गाडीत सामान कमी भरलं की तीही बरीच कमी होते.

निघायच्या दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. सर्व्हिसिंगनंतर काही ढिलं राहिलं असेल तर ते गावातच कळू द्या. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी आणि पाचही टायर. हो, स्टेपनीसुद्धा. टायर झिजलेले असतील तर बदला, इथे काटकसर करू नका. सोबत ट्यूबलेस पंक्चर किट, गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप, जंपर केबल, टो करायचा पट्टा, एक लिटर कूलंट आणि हेडलाइटचे जास्तीचे बल्ब. पंक्चर काढायचा सराव दोघांनीही करा. जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तकात पाहून घरीच एकदा चाक उतरवून बसवा.

कागदपत्रांत आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स हे डिजिलॉकरमध्ये चालतं, पण नेट नसलेल्या चौकीवर छापील प्रत कामाला येते. दोघांची आधार कार्डं हवीत. बायकोने लग्नानंतर नाव बदललेलं नसेल तर विवाह नोंदणी दाखल्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, छोट्या गावातले लॉजवाले कधी कधी विचारतात. आणि एक गोष्ट आवर्जून: जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत. निदान एक नंबर तरी निघायच्या आधी पोस्टपेड करून घ्या. नेट नसलं की यूपीआयही बंद, त्यामुळे रोख रक्कम दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

तंबू, गादी, झोप

दोघांसाठी तीन माणसांचा तंबू घ्या. दोन माणसांचा म्हणून जो विकतात त्यात दोन माणसं मावतात, पण दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा मावत नाहीत. तंबू दोन थरांचा हवा, आत जाळीदार आणि बाहेर पावसाचं कव्हर. एकाच थराच्या तंबूत आपल्या श्वासाची वाफ रात्री कापडावर गोठते आणि सकाळी अंगावर टपकते.

लोक सगळे पैसे स्लीपिंग बॅगवर घालतात आणि खालची मॅट विसरतात. थंडी जमिनीतून येते. पाठीखाली दाबलेली बॅग ऊब देत नाही, ती मॅटच देते. साधी फोमची मॅट आणि तिच्यावर हवा भरायची मॅट, अशा दोन घातल्यात तर सरचूलाही झोप लागते. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ लिहिलेलं बघा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा म्हणजे त्या थंडीत माणूस कसाबसा तग धरेल एवढाच. सप्टेंबरासाठी कम्फर्ट उणे ५ च्या आसपासची बॅग पुरे, आत घालायला लोकरीचे मोजे आणि कानटोपी. सगळं विकत घ्यायची गरज नाही, लेह आणि मनालीत भाड्याने मिळतं. मात्र तंबू स्वतःचा आणि सरावातला असावा.

सराव म्हणजे काय? एकदा गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत, आणि एकदा पवना किंवा भंडारदऱ्याला रात्रभर. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा दोऱ्या विटांना बांधा. हेच लडाखमध्ये करायचं आहे, कारण तिथली जमीन दगडगोट्यांची असते आणि तंबूसोबत आलेल्या पातळ खुंट्या पहिल्याच घावाला वाकतात. बाजारातून जाड लोखंडी खुंट्या आणि एक हातोडी घ्या.

लडाखमध्ये दुपारनंतर नदीकाठाने वारा सुटतो आणि तो थट्टा नसतो. आमचा क्रम असा असतो. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावायची, म्हणजे तिची भिंत होते. तंबू पिशवीतून काढायच्या आधी जमिनीवरचे टोकदार खडे हाताने वेचायचे, गुडघे टेकून, हळूहळू. मग एकाने वाऱ्याकडची दोन टोकं पायाखाली दाबून ठेवायची आणि दुसऱ्याने तिथल्या खुंट्या ठोकायच्या. काठ्या त्यानंतर. काठ्या आधी ओवल्या तर तंबू पतंगासारखा हातातून सुटतो. उभा राहिला की लगेच आत बॅगा फेकायच्या, वजन पडलं की तो बसतो. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. शेवटी दोऱ्या, आणि प्रत्येक खुंटीवर डोक्याएवढा दगड. हे सगळं वीस मिनिटांत होतं, दोघांचं काम आधी ठरलेलं असेल तर. ‘अरे तू धर, मी बघतो’ असं सुरू झालं की चाळीस.

जागा कुठे मागायची

नवख्या जोडप्याने एकाकी जागी तंबू टाकू नये असं माझं ठाम मत आहे. लडाखमध्ये आणि मनालीपलीकडच्या लाहौलमध्ये गावागावांत होमस्टे आहेत, त्यांच्या अंगणात किंवा जर्दाळूच्या बागेत तंबू लावू देतात. थोडे पैसे घेतात, संडास वापरायला मिळतो, रात्रीचं जेवण हवं तर सांगता येतं आणि काही झालं तर पंधरा पावलांवर माणूस असतं. दारात उभं राहून ‘जुले’, म्हणजे तिथला नमस्कार, म्हणा. घरात वयस्क बाई असेल तर ‘जुले, आमाले’. मग हिंदीत सरळ विचारा आणि पैशांचं आधीच बोलून घ्या.

श्रीनगरच्या रस्त्याने येताना पहिला तंबू आल्ची किंवा सस्पोलला लावा. सिंधूच्या काठची ही गावं ३,१०० मीटरच्या आसपास आहेत, सावली आहे, पाणी आहे. आल्चीच्या जुन्या गोंपातली, म्हणजे बौद्ध मठातली, भित्तिचित्रं सकाळी शांतपणे बघून मग लेहला जा, तासा-दीड तासाचाच रस्ता उरतो. त्याआधी काश्मीरमध्ये आणि कारगिलला मात्र हॉटेलातच राहा, आणि निघायच्या आधी तिथली परिस्थिती व रस्त्याची बातमी रोज पाहा. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनच्या परिसरात दरडी कोसळतात आणि झोजी लावर गाड्या सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यांचा अंदाज घेऊन एक दिवस हाताशी ठेवा. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून त्या तुकड्याचा त्रास कमी झाला आहे, झोजी ला मात्र अजून वरूनच चढायचा.

तलावाच्या काठी तंबू नको. त्सो मोरीरी, त्सो कार आणि हिमाचलातला चंद्रताल ही तिन्ही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जपायची, पाणथळं आहेत. त्सो कारच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच अंडी घालतात, आणि काठावर रात्री माणसांची वर्दळ झाली की ते घरटं सोडून जातात. त्सो मोरीरीला गेलात तर कोरझोक गावात घराजवळ जागा मागा. गाडी पाण्यात घालून व्हिडिओ काढणारे दिसतील; त्यांच्यातले होऊ नका, त्याला दंड आहे आणि असायलाच हवा. हानलेला जाणार असाल तर तो काळ्या आकाशासाठी राखलेला प्रदेश आहे. रात्री टॉर्चला लाल कागद लावा आणि हेडलाइट बंद. लेहच्या पलीकडच्या सीमेजवळच्या भागांसाठी परवाना आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत राहतात, ते लेहच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि प्रती जास्त काढा.

रात्री खाणं तंबूत ठेवू नका, सगळं गाडीत. लडाखमध्ये भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत आणि द्रासकडे तपकिरी अस्वलं वावरतात. बूटही आत घ्या.

संडासाचं बोलायला लोक लाजतात, आणि पुरुष तर विषयच टाळतात, पण बायकांना सर्वांत मोठी काळजी याचीच असते. होमस्टेत कोरडा संडास असतो: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. रस्त्यात वेळ आली तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, वीतभर खोल खड्डा आणि नंतर माती. कागद आणि पॅड मात्र कधीही पुरू नका, त्या थंड वाळवंटात ते वर्षानुवर्षं कुजत नाहीत. जाड पिशवीत घालून लेह किंवा मनालीपर्यंत परत आणा. एक मोठी छत्री गाडीत ठेवा, आडोशाला तिच्यासारखं काही नाही.

स्वयंपाक

मैदानात ढाबे आहेत, तिथे चूल पेटवायची गरज नाही. गॅसच्या छोट्या कॅनिस्टर लेहच्या बाजारात मिळतात, तिथेच घ्या. पुण्याहून नेलेली कॅनिस्टर राजस्थानच्या उन्हात बंद डिकीत तापवत नेणं धोक्याचं आहे.

लेहला पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळतं, सरचूला त्याहूनही कमी. म्हणजे पातेल्यात तांदूळ कितीही उकळलात तरी कणी राहते आणि डाळ तर शिजतच नाही. दोन-तीन लिटरचा छोटा कुकर न्या, मुगाच्या डाळीची खिचडी त्यात नीट होते. बाकी आपलं खाणं या प्रवासासाठी फार सोयीचं आहे. पोहे नुसते भिजवून फोडणीत परतायचे. पिठलं पाच मिनिटांत होतं. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, भाजणी, भाजलेला रवा, गूळ आणि तुपाची बाटली घ्या. पहिल्या दोन दिवसांना दशम्या. वर चढल्यावर भूक मंदावते, तेव्हा हॉटेलातली पनीरची भाजी नको वाटते आणि गरम मऊ भातावर मेतकूट-तूप जातं.

सकाळी कॅनिस्टर दगा देते. आतला ब्यूटेन वायू शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतो, ज्योत निळी न होता नुसती फुरफुरते. रात्री कॅनिस्टर कपड्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगेत पायाशी घ्या आणि पाण्याची एक बाटलीही. सकाळी त्याच गार न झालेल्या पाण्याचा चहा ठेवा, झाकण घालून, गाडीच्या आडोशाला. आलं किसायला बोटं वळत नाहीत, म्हणून ते आदल्या संध्याकाळीच ठेचून ठेवायचं.

तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर, काहीच नाही. गाडीत काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच वाईट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून जाग येत नाही आणि दर हिवाळ्यात माणसं अशीच जातात. थंडी फार वाजली तर गरम पाण्याची पिशवी घ्या.

उंचीची लक्षणं एकमेकांमध्ये बघा

लेहला पोहोचल्यावर दोन दिवस नुसती विश्रांती. शांती स्तूपाच्या पायऱ्याही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या रात्री पुष्कळांना होतं. त्यावर पाणी, हलकं जेवण, दारू पूर्ण बंद आणि आणखी वर न जाणं हा उपाय. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते पुण्यातच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

दोघं असण्याचा इथे मोठा फायदा आहे. आजारी पडणाऱ्याला स्वतःचं कळत नाही, दुसऱ्याला दिसतं. बसल्या जागी धाप लागणं, खोकला थांबत नसणं, बोलण्यात विसंगती, चालताना तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी खाली उतरायचं. शंका आली तर जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजनचा डबा थोडा वेळ देतो, इलाज खाली उतरण्यातच आहे. लेहमध्ये सरकारी एसएनएम रुग्णालय आहे आणि तिथल्या डॉक्टरांना असे रुग्ण रोजचे आहेत. म्हणूनच दोघांनाही गाडी चालवता यायला हवी, घाटातसुद्धा. ज्याला येत नाही त्याने निघायच्या आधी वरंधा नाही तर ताम्हिणी घाटात सराव करावा.

परतीचा रस्ता: लेह ते मनाली

हा सव्वाचारशे किलोमीटरचा तुकडा चार दिवसांत करा. लोक दोन दिवसांत करतात आणि त्यांना आठवतो तो फक्त डॅशबोर्ड.

लेहला किंवा कारूला टाकी काठोकाठ भरा. मनालीकडच्या टोकाला टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी वर्षानुवर्षं होती, आणि तुम्ही आता त्याच अंतरात उलट्या दिशेने शिरताय. मधे काही मिळेल या भरवशावर निघू नका.

पहिला मुक्काम रुम्त्सेला, तिथे पुन्हा घराच्या अंगणात तंबू. दुसरा दिवस सर्वांत लांब: ५,३०० मीटरचा तांगलांग ला, मग मोरे पठार, पांग, लाचुंग ला, नकी ला आणि गाटा लूप्सची २१ वळणं उतरून सरचू. पहाटे निघा. गाटा लूप्सवर गिअर खालचा आणि ट्रकला आधी वाट द्या. लष्कराचा ताफा आला तर गाडी कडेला घेऊन थांबा. पूल आणि चौक्यांचे फोटो काढू नका. सरचूला स्वतःचा तंबू लावायची उमेद उरली नसेल तर तिथल्या तंबूवाल्याकडे खाट घ्या. हात दुखत असताना उणे तापमानात खुंट्या ठोकण्यात काही कमाई नाही.

तिसऱ्या दिवशी बारालाचा ला. इथे भरतपूर आणि झिंगझिंगबारच्या आसपास नाले रस्त्यावरून वाहतात. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारी पाणी वाढतं, म्हणून सकाळी दहाच्या आत ओलांडा. नाल्यापाशी थांबा, पुढची गाडी कुठून जाते ते बघा. एकाने उतरून दगड बघायचे आणि दुसऱ्याने पहिल्या गिअरवर, एकसारख्या वेगाने, मधे क्लच न दाबता पार व्हायचं. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवून घ्या. दुपारी जिस्पा. भागा नदीच्या काठावर कॅम्पवाल्यांच्या जागा आहेत, पैसे देऊन आपला तंबू लावता येतो, आणि ३,२०० मीटरवर आल्यावर त्या रात्री लागणारी झोप वेगळीच असते. इथे एक दिवस जास्त राहा, सगळे कपडे धुऊन दोरीवर टाका.

गाडी चालवायच्या चौथ्या दिवशी टांडी, सिस्सू आणि ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा. पूर्वी रोहतांगच्या चिखलात इथे अर्धा दिवस जायचा, आता दहा-पंधरा मिनिटांत मनालीच्या बाजूला बाहेर पडता.

मनालीत तंबू पूर्ण वाळवून घडी घाला. ओला गुंडाळलेला तंबू पुण्यापर्यंतच्या चार-पाच दिवसांच्या उकाड्यात बुरशी धरतो आणि त्याचा वास नंतर कधी जात नाही. मनाली ते मंडी उजेडातच उतरा. मंडीला किंवा चंदीगडला गाडी एखाद्या चांगल्या गॅरेजला दाखवा: ब्रेक पॅड, चाकांचं अलाइनमेंट आणि खालून पाण्याने स्वच्छ धुणं. घाटात तीन आठवडे वापरलेल्या ब्रेकवर बिजासन घाट पुन्हा यायचा आहे.